रणगाडाविरोधी बंदुकीची दुसरी कामगिरी

बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाव बोरगावात कोणाला ठाऊक नाही? तिच्या पलटणी १९४१ साली आफ्रिकेतील केरेनच्या डोंगरांत लढल्या. त्या काळी हिंदी पायदळापाशी रणगाड्यांविरुद्ध सुमारे १६ किलो वजनाची बॉइज रायफल असे. पुढे रणगाड्यांचे चिलखत जाड झाले. तिची गोळी निष्प्रभ ठरली. तरी सैनिकांनी ती टाकली नाही. मशीनगनच्या ठाण्यांवर, मालमोटारींवर ती रोखली गेली. ऑगस्ट १९४२ मध्ये माकिन बेटावर अमेरिकनांनी मशीनगनच्या जोडीने हीच बंदूक चालवून पाण्यावर उतरलेली दोन जपानी विमाने नष्ट केली. रशियनांच्या १४.५ मिलिमीटर बंदुकाही तटबंद ठाण्यांच्या झरोक्यांवर चालल्या. नवे शस्त्र येईपर्यंत शत्रू थांबत नाही. तोवर हाती आहे त्यावरच जिवाची मदार असते.