बदलते हवामान, त्वचेचे आरोग्य आणि प्रसाधनांची निवड
(रुग्णालयाच्या वार्षिक समारंभातील व्याख्यान)



त्वचेचा विकार म्हणजे वरवरचे दुखणे आणि प्रसाधन ही ज्याच्या-त्याच्या आरशापुरती बाब, अशी आपली समजूत असते. या दोन्ही समजुती तपासून पाहाव्यात, एवढाच आजच्या व्याख्यानाचा हेतू आहे.

१९७४ साली मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी एक धोका दाखवून दिला. केसांवर व अंगावर मारायच्या फवाऱ्यांत, तसेच शीतयंत्रांत वापरले जाणारे क्लोरोफ्लुरोकार्बन वायू उंच वातावरणात जाऊन ओझोनचा थर नष्ट करू शकतात. हा थर सूर्याची अतिनील किरणे अडवतो. तो विरळ झाला, की त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो. शोभेसाठी वापरलेला फवारा असा फिरून त्वचेवरच उलटत होता. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर हे वायू टप्प्याटप्प्याने बंद झाले आणि ओझोनचा थर आता सावकाश सावरतो आहे. हे वायू पृथ्वीचे तापमानही वाढवणारे असल्याने या निर्णयाचा लाभ दुहेरी झाला.

आज आपल्यापुढे प्रश्न आहे तो उष्म्याचा. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या १९०१ पासूनच्या नोंदींत २०२४ हे देशातील सर्वांत उष्ण वर्ष ठरले. घाम वाळला तरच शरीर थंड होते. दमट हवेत तो वाळत नाही. मग घर्मग्रंथींची तोंडे बुजून घामोळे उठते, जांघेत आणि काखेत गजकर्ण फोफावते. त्यावर औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेले स्टेरॉइडमिश्रित मलम लावले, की लाली व खाज शमते. बुरशी मात्र पसरतच राहते. शेतात, बांधकामावर, भट्टीपाशी राबणाऱ्यांच्या वाट्याला हे भोग अधिक येतात.

उन्हाने रापलेला चेहरा उजळावा म्हणून जी क्रीम लावली जातात, त्यांपैकी काहींत पारा आढळतो. केरळमधील कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विकाराचे २२ रुग्ण नोंदवले. त्यांतील १५ जणांमध्ये त्या विकाराचा एक विशिष्ट प्रकार आढळला आणि या १५ पैकी १३ जण त्वचा उजळवणारी क्रीम वापरत होते. चेहरा धुतला म्हणून पारा नाहीसा होत नाही. सांडपाण्यातून तो नदी-खाडीत जातो, तेथील सूक्ष्मजीवांमुळे अधिक विषारी रूप घेतो आणि मासळीतून आपल्या ताटात परततो. म्हणूनच मिनामाटा करारातील राष्ट्रांनी २०२३ मध्ये, पारा घातलेली सर्व प्रसाधने २०२५ पर्यंत बंद करण्याचे ठरवले.

मग निवड कशी करावी? पर्यावरणाला जपणारे प्रसाधन महागच असते, असे नाही. वेष्टनावर घटकांची यादी, उत्पादकाचा परवाना क्रमांक आणि मुदत नसेल, तर ती वस्तू घेऊ नये. ‘नैसर्गिक’ हा शब्द सुरक्षिततेची हमी नव्हे. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजू शकते. दहा बाटल्यांऐवजी दोनच वापराव्यात; त्वचेवरचा भार हलका होतो, प्लास्टिकचा कचराही घटतो. सुती कपडे, टोपी, छत्री आणि दुपारची सावली हे उन्हावरचे पहिले उपाय. उघड्या राहणाऱ्या भागावर किमान एसपीएफ ३० चे सनस्क्रीन लावावे.

देणगीदारांच्या औदार्यामुळे गरजू रुग्णाला औषध मिळते, याबद्दल कृतज्ञता आहेच. परंतु आणखी एक दान प्रत्येक घराला देता येईल. उन्हात निघालेल्या मुलीला “काळी पडशील” असे न म्हणता “ऊन लागेल, छत्री घे” असे म्हणावे. त्या एका वाक्याच्या बदलाने कित्येक घातक डब्या घरात येण्यापूर्वीच थांबतील.