नको असलेली पोस्टिंग

आज बालरोगशास्त्रात एम.डी. होणाऱ्या मुलामुलींनो,

लॉगबुकवर आता कोणाची सही लागणार नाही, तेव्हा मोकळेपणाने बोलू. तीन वर्षांतल्या कितीतरी पोस्टिंग तुम्ही नुसत्या 'काढल्या', हे आम्हा शिक्षकांना ठाऊक असतं. हृदयरोगात जायचंय तो इको रूममधून हलत नाही आणि त्वचारोगाच्या ओपीडीत थिसिसचं टायपिंग उरकतो.

मला हे उलटं वाटतं. ज्या शाखेत डी.एम. करायचंय ती तुम्ही पुढे तीन वर्षं शिकणारच आहात. जिच्याकडे परत कधी फिरकणार नाही, तिथले दोन आठवडे मात्र जन्मभर पुरवायचे असतात.

डोळ्यांचंच घ्या. ३४ आठवड्यांच्या आधी किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाचं जन्मलेलं बाळ असेल, तर त्याचा दृष्टिपटल ३० दिवसांच्या आत तपासून घ्यायचा. हे तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. पण लेसरची वेळ टळून गेल्यावर आणलेलं बाळ ज्याने नेत्रविभागात बसून पाहिलंय, तो डिस्चार्ज कार्डावर 'आय चेकअप' असं मोघम खरडत नाही. तारीख घालतो, वार घालतो आणि कुठल्या मजल्यावर जायचं ते आजीला सांगतो. (आजीलाच सांगावं. आईला त्या दिवसांत झोपेपुढे काही सुचत नसतं.)

आता तुम्ही सर्वांत जास्त नावं ठेवलेली पोस्टिंग, डीआरपी. जिल्हा रुग्णालयातले हे तीन महिने २०२० साली नियमात आले. तुमच्या तक्रारी खऱ्या आहेत. राहायची धड सोय नसते, शिकवायला कोणाला सवड नसते आणि पोचल्या दिवशीच ओपीडी गळ्यात पडते. रिकाम्या जागा भरायला निवासी डॉक्टर पाठवणं याला शिक्षण म्हणत नाहीत, हे मी व्यासपीठावरूनच सांगतो.

तरी ती पोस्टिंग रद्द व्हावी असं मी म्हणणार नाही. कोकणात रात्री लाल विंचू चावलेलं मूल येतं. घामाने निथळतंय, उलट्या होताहेत, हातपाय गारठलेत, नाडी पळतेय. यावरचा उपाय डॉ. हिंमतराव बावस्करांनी रायगड जिल्ह्यात, महाडच्या परिसरात, अशाच रुग्णांच्या उशाशी बसून शोधला : प्राझोसिन, किलोमागे ३० मायक्रोग्रॅम, तोंडाने. पण गोळी देऊन काम संपत नाही. मुलाचे पाय पुन्हा पुन्हा चाचपायचे. ते कोमट होऊ लागले की औषध लागू पडतंय असं समजायचं. आणि आईला बजावायचं, बाळाला कडेवर उचलू नका, आडवंच राहू द्या, नाहीतर रक्तदाब एकदम उतरेल. मोठ्या शहरातल्या चकचकीत आयसीयूत हे शिकायचा योग क्वचितच येतो.

डीआरपीवर असताना एक दिवस आशाताईंबरोबर गावात गेलात का? गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. ३९ गावांतलं ते काम १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलं आणि नवजात मृत्युदर तुलनेतल्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. आज देशभर आशा पहिल्या ४२ दिवसांत पुन्हा पुन्हा बाळाच्या घरी जातात, त्याचं मूळ तिथे आहे. त्या श्वास मोजतात ते बघा. पूर्ण एक मिनिट, कारण नवजात बाळाचा श्वास कधी थबकतो, कधी धावतो. साठ किंवा त्याहून जास्त भरले की पुन्हा मोजतात. आपण वॉर्डात पंधरा सेकंद मोजून चारने गुणतो, आणि घाईच्या राउंडला तेवढंही नाही.

तुमच्यातले काही जण लवकरच लेक्चरर होतील, रोस्टर लावतील. एखादा जेआर दबकत विचारेल, 'सर, दोन आठवडे स्पीच थेरपीत बसू का?' वॉर्डात माणसं कमी असतील. ती कधी पुरेशी असतात? सोडा त्याला. आणि कोणी डीआरपीला निघाली, तर आदल्या आठवड्यात तिथल्या बालरोगतज्ज्ञांना स्वतः फोन करा. खोलीचं विचारा, खोलीला कडी आहे का तेही विचारा, आणि तिला शिकवणार कोण त्यांचं नाव कागदावर लिहून घ्या.