मेंदूतली सिस्ट आणि गावातली हागणदारी



या पदवीदानाच्या मंडपात जीवशास्त्राचे संशोधक आहेत, सार्वजनिक आरोग्याचे पदवीधर आहेत आणि न्यूरोसर्जरीत एम.सीएच. झालेले शल्यविशारदही आहेत. उद्यापासून तुमच्या इमारती वेगळ्या, परिषदा वेगळ्या. म्हणून तुम्हा तिघांचाही असलेला एकच आजार मी आज निवडला आहे. न्यूरोसिस्टिसरकोसिस, म्हणजे मेंदूतला जंत.

शाळेत एखादा मुलगा एकाएकी कोसळतो. हातपाय आखडतात, तोंडाला फेस येतो. कोणी कांदा फोडून नाकाशी धरतं, कोणी चप्पल हुंगवतं, कोणी दातांत चमचा घालतं. मग देवऋषी, मग गंडादोरा आणि फार उशिरा सीटी स्कॅन. त्यात वाटाण्याएवढं एक कडं दिसतं, भोवती सूज. आई विचारते, "आम्ही माळकरी. घरात मांस शिजत नाही. डुकराचा जंत याच्या डोक्यात कसा गेला?"

या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक डॉक्टरला नीट देता आलं पाहिजे. डुकराचं अर्धकच्चं मांस खाल्लं तर पट्टकृमी आतड्यात वाढतो. मेंदूत सिस्ट, म्हणजे अळीची पिशवी, होते ती त्याची अंडी गिळल्यामुळे, आणि अंडी येतात माणसाच्या विष्ठेतून. कृमीच्या एका पिकलेल्या खंडात 50,000 पर्यंत अंडी असू शकतात. उघड्यावरच्या शौचातून ती पाण्यात, मातीत, पालेभाजीवर जातात. न धुतलेल्या हातातून थेट ताटात येतात. माळ घातली म्हणून ती अडत नाहीत. 1992 साली न्यूयॉर्कच्या सनातनी ज्यू वस्तीतले असे चार रुग्ण वैद्यकीय नियतकालिकात नोंदले गेले. डुकराचं मांस त्यांना धर्मानेच वर्ज्य. शोध घेतला तेव्हा घरकाम करणाऱ्या एका व्यक्तीच्या पोटात पट्टकृमी सापडला. त्या व्यक्तीला दोषी ठरवू नका. तीही रुग्णच आहे, आणि निक्लोसामाइडच्या एका मात्रेने बरी होऊ शकते.

आता न्यूरोसर्जनांसाठी थोडं सविस्तर बोलतो. आपल्याकडे सीटी स्कॅन आलं, तेव्हा फिट येणाऱ्या कितीतरी रुग्णांत हे छोटं कडं दिसू लागलं. क्षयाचा देश, त्यामुळे ती क्षयाचीच गाठ असं धरून महिनोन्महिने क्षयाची औषधं दिली जात. पण काही रुग्णांची गाठ ती औषधं न घेताही नाहीशी होई. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात मॅथ्यू चंडी, वेदांतम राजशेखर आणि सहकाऱ्यांनी गाठींचे नमुने काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर तिथे पट्टकृमीची अळी होती. 1989 साली हे 'लॅन्सेट'मध्ये आलं. पुढे त्यांनी निकष घालून दिले: गाठ 20 मिलिमीटरपेक्षा लहान, मेंदूवरचा दाब वाढलेला नाही, मेंदूची मध्यरेषा सरकलेली नाही, वाढत जाणारा लुळेपणा नाही. असा रुग्ण असेल तर सुरी खाली ठेवा, क्षयाची औषधंही थांबवा. फिटचं औषध द्या आणि पुन्हा स्कॅन करून पाहा. शल्यविशारदांच्या संशोधनाने शस्त्रक्रियाच टळल्या, याचं मला फार मोल वाटतं.

जीवशास्त्राच्या मित्रांनो, हा जंत जिवंत असतो तेव्हा शरीराच्या प्रतिकारशक्तीला चकवून वर्षानुवर्षं गप्प बसतो. तो मरू लागला की सूज येते आणि फिट येते. मेलेल्या जंताच्या जागी चुन्याचा ठिपका उरतो. तसाच ठिपका असलेल्या दोघांपैकी एकाला वारंवार फिट येतात, दुसऱ्याला कधीच येत नाहीत. असं का, हे कोडं अजून सुटलेलं नाही. कोणाला पीएच.डी.साठी विषय हवा असेल तर हा घ्या.

आणि सार्वजनिक आरोग्यवाल्यांनो, हा जंत घालवता येतो. पेरूच्या तुंबेस भागात माणसांना औषध, डुकरांना औषध आणि लस असा कार्यक्रम राबवला. अखेरीस 107 पैकी 105 गावांत संसर्गाची साखळी तुटलेली आढळली. डुकरांसाठीची तशी लस आपल्या हैदराबादेतही बनते. जिथे हा आजार मुरलेला आहे आणि डुकरं मोकाट फिरतात, अशा अनेक भागांत अपस्माराच्या, म्हणजे वारंवार फिट येण्याच्या आजाराच्या, सुमारे 30 टक्के रुग्णांमागे हाच जंत असतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ज्या देशात 1999 पर्यंत हिंदू विवाह कायदा अपस्माराला लग्नातली कायदेशीर अडचण मानत होता, तिथे फिट आलेल्या मुलीचं काय होतं हे मी सांगायला नको.

तरीही घडतं काय? मुलाचं स्कॅन होतं, औषध लिहिलं जातं, केसपेपर बंद होतो. ज्याच्या पोटात कृमी आहे तो माणूस त्याच घरात, त्याच गल्लीत राहतो आणि अंडी पसरत राहतात. माझी मागणी एवढीच आहे: सोमवारी ओपीडीत बसाल तेव्हा त्या केसपेपरवर आणखी चार ओळी लिहा. घरात, शेजारी कोणाच्या शौचातून पांढरे चपटे तुकडे पडतात का? स्वयंपाक कोण करतं? संडास आहे का, आणि तो वापरला जातो का? मग घरातल्या सगळ्यांची शौचतपासणी लिहून द्या आणि तो कागद तालुका आरोग्य अधिकाऱ्यांपर्यंत पोचवा.