गावांची नावे काय सांगतात?



गावाचे नाव हा पुष्कळदा त्या गावाचा सर्वांत जुना दस्तऐवज असतो. मात्र तो वाचताना कानाला गोड लागणाऱ्या आख्यायिकेवर विसंबून चालत नाही.

पुण्याचेच नाव घ्या. ‘पुण्य’ या शब्दाशी त्याचे नाते जोडले जाते आणि इ. स. ७५८ च्या राष्ट्रकूट ताम्रपटात ‘पुण्यविषय’ असा उल्लेख आहेही. विषय म्हणजे त्या काळचा प्रशासकीय विभाग. परंतु अवघ्या दहा वर्षांनंतरच्या, ७६८ च्या ताम्रपटात ‘पूनकविषय’ असे नाव येते. लोकांच्या तोंडचे नाव संस्कृतज्ञ लेखकाने संस्कारून घेतले असावे, ही शक्यता त्यामुळे दृष्टीआड करता येत नाही.

पुणे परिसरात ‘बुद्रुक’ आणि ‘खुर्द’ ही जोडी ठायी ठायी भेटते. फारसीतील ‘बुजुर्ग’ म्हणजे थोर, तर ‘खुर्द’ म्हणजे लहान. एकाच नावाची दोन गावे दप्तरात वेगळी ओळखता यावीत, एवढीच ही सोय. कोंढवा बुद्रुक आणि कोंढवा खुर्द आज महानगरपालिकेच्या हद्दीत सामावली आहेत. थोरली कोणती नि धाकटी कोणती, हे तेथील रहदारीत उभे राहून कोणालाही सांगता येणार नाही. दप्तरातला शब्द असा चिवट असतो!

वडगाव, पिंपळगाव, जांभूळवाडी, तळेगाव ही नावे तर झाडे आणि पाणी यांची नोंदच होय. पूर्वी शेतांनाही नावे असत. १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यातून इंग्रजी अमदानीतील नव्या मोजणीस प्रारंभ झाला. पुढे कागदावर सर्व्हे नंबर आले आणि शेतांची नावे वृद्धांच्या बोलण्यापुरती उरली. ती लिहून ठेवण्यास शाळेला किंवा ग्रामपंचायतीला वरिष्ठांच्या मंजुरीची प्रतीक्षा करावी लागत नाही.

अर्थात जुने ते सारेच जपावे, असे नव्हे. वस्त्यांची जातिवाचक नावे माणसाला त्याच्या पत्त्यातच हिणवीत आली. ती बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला, हे उचितच झाले. समतानगर, क्रांतीनगर यांसारखी नावे त्या वेळी सुचविण्यात आली. ती चांगलीच आहेत. तथापि वस्तीजवळच्या ओढ्याला, टेकडीला किंवा माळाला एखादे जुने, निर्मळ नाव असल्यास त्याचाही विचार व्हावा. ज्यांच्या दाखल्यांवर नि टपालावर जुने नाव पिढ्यान्‌पिढ्या लिहिले गेले, त्यांची पसंती प्रथम घ्यावयास हवी. नव्या फलकाचा मजकूर तालुक्याच्या कचेरीत बसून ठरविण्याचा नव्हे.