आड, उकिरडा आणि आपली सोसायटी

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मला 'पर्यावरण आणि आरोग्य' हा विषय दिलाय. अंगणवाडीची पर्यवेक्षिका म्हणून सगळी नोकरी याच विषयावर बोलण्यात गेली. हात धुवा, पाणी झाकून ठेवा, परसात शेवगा लावा. ते आज पुन्हा सांगत नाही, तुम्हाला पाठ आहे. आज आपल्या कंपाउंडच्या आतलं बोलते. चेअरमनसाहेबांना आधीच सांगून ठेवलंय की थोडं खटकेल. ते म्हणाले, बोला ताई, जेवण नंतर आहे.

वडवणी तालुका झाला, कचेऱ्या आल्या, आणि आपण नोकरीवाले इथं प्लॉट घेऊन राहायला आलो. तेव्हा इथं ज्वारीचं रान होतं. एक आड, एक लिंबाचं झाड आणि मुरमाचा रस्ता. बांधकामाला पाणी त्याच आडाचं, प्यायलाही त्याचंच. बायका पोहरा सोडताना एकमेकींची सगळी खबरबात घ्यायच्या. कुणाच्या घरी काय शिजलं हे विचारावं लागत नव्हतं. मग बोअर झाले. आडावर जाळी आली. जाळी मोडली, मग त्यात निर्माल्य, नारळाच्या शेंड्या, प्लास्टिक. दरम्यान आपल्या मधल्या काट्याच्या कुंपणाच्या भिंती झाल्या, भिंतींना गेट आलं, गेटला कुलूप. कुणाचं चुकलं असं मी म्हणत नाही. घर बांधलं की भिंत येतेच. पण काट्याच्या कुंपणावरून साखरेची वाटी देता येत होती, भिंतीवरून येत नाही.

याचं मोल मला 2021 साली कळलं. एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेत आमचे 'हे' नवव्या दिवशी गेले. तेव्हा कुणी दाराशी येऊ शकत नव्हतं, ते दिवसच तसे होते. पण लाट ओसरली तरी लोकांची येण्याची सवय मोडलेलीच राहिली, आणि माझी दार उघडण्याची. मुलगा पुण्याला घेऊन गेला. अकराव्या मजल्यावर दोन महिने राहिले. सून चांगली, नातवंडं चांगली, पण पाय मातीला लागत नाहीत. परत आले. झोप नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाले, रोज घराबाहेर पडा. आता बाहेर पडून जायचं कुठं? देवळात गेलं की सगळे कीव करतात.

बाहेर पडायला निमित्त झालं पाचोळ्याचं. लिंबाचा पाचोळा आपण रोज सकाळी पेटवायचो. शेजारच्या सुनेचं लेकरू धुरानं खोकायचं. ती एकदा काकुळतीला येऊन म्हणाली, "काकू, याचं काय करावं?" मी म्हटलं, जाळू नको, माझ्याकडे आणून टाक. आपल्या आज्या-पणज्यांच्या घरामागं उकिरडा असायचा ना, तेच. तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल खड्डा. खाली काड्याकुड्या, त्यावर पाचोळा, त्यावर भाजीची देठं-सालपटं, वरून मूठ-दोन मूठ माती आणि शेणकाल्याचा शिपका. पुन्हा पाचोळा. पाचोळा भरपूर आणि ओला कचरा त्याहून कमी, एवढं सांभाळलं की वास येत नाही. ओल हाताला लागली पाहिजे, पण मुठीत दाबलं तर पाणी गळायला नको. तीन-चार महिन्यांनी काळं, भुसभुशीत, पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास असलेलं खत.

खताचं मला फार कौतुक नाही. मजा झाली ती बादल्यांची. सोसायटीतल्या बायका सकाळी कचऱ्याची बादली घेऊन माझ्या दारी यायला लागल्या. आणि बादली द्यायला आलेलं माणूस लगेच परत जात नाही. दोन शब्द बोलतं. कुणाच्या मुलीचं जमेना, कुणाचं दीर-भावजयीचं भांडण, कुणाला गुडघ्यावर काय लावू. मला हळूहळू झोप येऊ लागली. गोळ्या डॉक्टरांनी कमी केल्या, मी माझ्या मनानं नाही, हे मुद्दाम सांगते. नाहीतर उद्या कुणी म्हणेल, काकूंनी सांगितलं उकिरडा करा आणि गोळ्या फेका. असं काही नाही. माणूस गेल्याचं दुःख उकिरड्यात कुजत नाही. ते आहेच. फक्त त्याच्यासोबत दिवसभर एकटं बसावं लागत नाही.

मग 2023 चा पावसाळा कोरडा गेला. सरकारनं 31 ऑक्टोबरला 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आपल्या जिल्ह्यातले तीन: वडवणी, धारूर आणि अंबाजोगाई. पुढच्या उन्हाळ्यात आपले बोअर उचक्या देऊ लागले ते तुम्ही विसरला नसाल. टँकरच्या पाइपावरून दोन शेजाऱ्यांत जे शब्द गेले तेही मी विसरले नाही. नावं घेत नाही, दोघंही पुढच्या रांगेत बसलेत. त्या रात्री आपल्यातले सगळ्यात जुने बाबा म्हणाले, "टँकरला शिव्या देताय, तुमचा आड कुठाय?" बाबांनी 1972 च्या दुष्काळात खडी फोडलीय, मिलोची भाकरी खाल्लीय. त्यांना हे बोलायचा हक्क आहे.

आड उपसायला दुसऱ्या दिवसापासून सुरुवात झाली. बाबा काठावर खुर्ची टाकून. पहिलं फर्मान: आधी कंदील सोडा. कंदील खाली विझला तर माणूस उतरायचं नाही, खाली हवा वाईट असते. आपली इंजिनिअरिंगची पोरं मोबाइलचा टॉर्च दाखवत होती. बाबांनी त्यांना जे सुनावलं ते स्मरणिकेत छापता येणार नाही. कंदील टिकला, मगच माणसं उतरली. नऊ दिवस लागले. पाच ट्रॉली गाळ निघाला. गाळात काय काय निघालं! तीन तांबे, एक पोहरा, मुलांचे चेंडू, आणि एक पितळेची कळशी, काठावर नाव कोरलेली. ज्या आजींची ती कळशी, त्या सतरा नंबरमध्ये खाटेवर असतात. चिंच लावून घासून त्यांच्या उशाशी नेऊन ठेवली. आजी नावावरून बोट फिरवत राहिल्या आणि म्हणाल्या, "आडानं सांभाळली, मला वाटलं सासूनं लपवली." त्या दिवशी टँकरवाले दोघं भावी पक्षकार एकाच दोरावर होते.

जूनमध्ये सहा घरांच्या गच्चीचं पाणी पाइपानं आडात सोडलं. मध्ये खडी, वाळू भरलेला एक पिंप, आणि पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडायला वेगळं तोंड, कारण त्यात गच्चीची घाण असते. हिशोब सोपा आहे, लेकरांनो, वहीत करून बघा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. हजार चौरस फुटांची गच्ची म्हणजे साधारण 93 चौरस मीटर. 600 मिलिमीटर पाऊस धरला तर 55 हजार लिटरच्या पुढं. गळती, बाष्प सोडून द्या, तरी 10 हजार लिटरचे चार टँकर एका गच्चीवरून गटारात जात होते. पोहऱ्यात कुठून येणार, आडातच नव्हतं. हे पाणी आपण पीत नाही, बाकी सगळ्याला वापरतो. टँकरचा खर्च दोन्ही वर्षांच्या ताळेबंदात छापलाय. ती एक ओळ शेजारी शेजारी ठेवून वाचा.

आणि 2025 च्या सप्टेंबरात उलटं झालं. सगळ्या मराठवाड्यात अतिवृष्टी, नद्यांना पूर. आपल्या सिमेंटच्या गल्लीतून पाणी वाहत खालच्या चार घरांच्या उंबऱ्याला लागलं. मोकळ्या जागेत मात्र ते घोटाभर साचलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी जिरलं. तीच सोसायटी, तोच पाऊस. फरक एवढाच की एकीकडे माती उघडी होती.

आता खटकणारं. पुढच्या सर्वसाधारण सभेत एक विषय येतोय. मोकळ्या जागेवर पेव्हर ब्लॉक, गाड्यांना शेड, एका बाजूला हॉल, आडावर स्लॅब आणि लिंब 'अडथळा' म्हणून काढणं. गाड्या वाढल्यात, खरंय. रेल्वे आली, वडवणीतल्या प्लॉटचे भाव चढलेत, सोसायटी 'दिसली' पाहिजे असं तरुणांना वाटतं, तेही मी समजू शकते. हॉलला तर माझा अर्धा होकार आहे, बायकांना भजनाला, भिशीला जागा नाही. पण हॉल दक्षिणेच्या कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीजवळ होऊ शकतो. त्याला लिंब तोडावा लागत नाही.

बीडजवळची खजाना विहीर तुम्ही बहुतेकांनी पाहिलीय. सोळाव्या शतकातली, निजामशाहीतली. जमिनीखालच्या पाटानं पाणी शेतांपर्यंत जातं, मोटार नाही, वीज नाही. नावाबद्दल सांगतात की सरकारी खजिन्यात भरायचा पैसा त्यानं विहिरीत घातला, आणि वर विचारणा झाली तर म्हणाला, खजिना सुरक्षित आहे. गोष्ट खरी की लोकांनी रचलेली, देव जाणे. पण आपल्या सोसायटीचा पंचवीस वर्षांचा फंड कुठं घालायचा हा प्रश्न आपल्यापुढं आहे, म्हणून आठवली.

आणखी एक. 2020 च्या फेब्रुवारीत बीडजवळ पालवणला सह्याद्री देवराईत वृक्षसंमेलन झालं. उजाड डोंगरावर वाढवलेली झाडं. संमेलनाध्यक्ष वडाचं झाड होतं. आम्ही दोघं गेलो होतो. हे म्हणाले, अध्यक्ष बरा निवडलाय, भाषण लांबवणार नाही. ते मला आत्ता आठवतंय, म्हणजे मी आवरतं घ्यायला हवं.

सभेत मी ठराव मांडणार आहे: लिंब राहील, आड उघडा राहील, त्याला पक्की जाळी बसेल, उरलेल्या घरांच्या गच्च्या त्याला जोडायच्या, आणि पेव्हर ब्लॉक फक्त गेटपासून टाकीपर्यंत. अनुमोदन कोण देणार ते आजच सांगा, जेवताना माझ्याजवळ या. विरोधात बोलायचं असेल त्यांनीही या, समोरासमोर बोलू.

आणि रविवारी सकाळी साडेसहाला आडाभोवतीचं गवत काढायचंय, पिंपातली वाळू धुवायचीय. घमेली माझ्याकडे पाच आहेत, फावडी कमी पडतात. ज्याच्याकडे असेल त्यानं आणावं. चहा माझ्याकडे.