व्हॅलग्रिंडची बांधणी

संगणकाचा प्रोग्राम लिहिणाऱ्यास आपल्या चुका क्वचितच दिसतात. प्रोग्रामने मेमरीतील जागा मागून घेतली आणि परत केली नाही, अथवा जेथे अद्याप काही लिहिलेच नाही तेथून वाचले, तरी पडद्यावर पुष्कळदा काहीच उमटत नाही. अशा चोरट्या चुका हुडकणारे ‘व्हॅलग्रिंड’ हे साधन ज्युलियन सेवर्ड यांनी निर्मिले, त्याची १.० ही आवृत्ती २००२ साली निघाली.

ते तयार मिळते, तसेच सोर्स कोडवरून स्वतः बांधताही येते. कोडचे गाठोडे सोडल्यावर प्रथम ‘कॉन्फिगर’ ही आज्ञा द्यावयाची. ती यंत्रात कंपायलर कोणता आहे, प्रणाली कोणती आहे, याची पाहणी करते. ‘मेक’ प्रत्यक्ष बांधणी करते, आणि ‘मेक इन्स्टॉल’ तयार भाग नेमल्या जागी नेऊन ठेवते. ही जागा ‘प्रीफिक्स’ या शब्दाने आरंभीच सांगता येते. नंतर बिऱ्हाड हलविल्यास साधन नकळत बिघडते, असा इशारा कर्त्यांनी गाठोड्यातच लिहून ठेवला आहे. उतावळे लोक नेमका तोच वाचीत नाहीत! ‘मेक रेगटेस्ट’ या आज्ञेने खुद्द साधनाचीही परीक्षा घेता येते.

या साधनाचे मोल २०२४ साली दिसून आले. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या चाचण्यांत व्हॅलग्रिंडने काही चमत्कारिक तक्रारी नोंदविल्या होत्या. पुढे काही आठवड्यांनी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास आढळले की, दूरच्या यंत्रात प्रवेश करण्यास अर्धा सेकंद अधिक लागत आहे. त्या जुन्या तक्रारी त्यांना आठवल्या. शोधाअंती, फायली आवळणाऱ्या ‘एक्सझेड’ या साधनाच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा सापडला. २९ मार्च रोजी त्यांनी तो उघड केला.

चोरीचा माल दडविला होता कोठे? चाचणीसाठी ठेवलेल्या फायलींत! तो बाहेर काढणारा तुकडा सार्वजनिक भांडारातील कोडमध्ये नव्हताच, केवळ वाटलेल्या गाठोड्यात होता. बांधणी सुरू होताच तो कामाला लागे. गाठोड्यावरील डिजिटल सही खरी होती. विश्वासास अपात्र होता तो सही करणारा. तेव्हा स्वतः बांधले म्हणून निर्धास्त राहता येत नाही.

यास्तव काही जण गाठोडे न घेता व्हॅलग्रिंडचा कोड थेट भांडारातून आणतात. तेथे ‘कॉन्फिगर’ तयार मिळत नाही. ‘ऑटोजेन’ ही आज्ञा देऊन तो आपल्याच यंत्रावर घडवावा लागतो, आणि त्यासाठी ऑटोकॉन्फ व ऑटोमेक ही साधने अगोदर हाताशी असावी लागतात.