गाईचे कूळ आणि गोचीड ताप



एकाच गोठ्यात दोन गाई बांधलेल्या असतात. एक खिल्लार, दुसरी कर्ज काढून आणलेली संकरित. गोचीड दोघींनाही चावते. खिल्लार पुष्कळदा चार दिवस मलूल राहून सावरते. संकरित गाईला १०५ अंशांच्या घरात ताप चढतो, खांद्यापुढील गाठ सुजते, डोळ्यांची आतील कड पांढुरकी पडते आणि वेळीच उपचार न झाल्यास ती दगावते. गाय जाते, हप्ते मात्र उरतात.

हा थायलेरिओसिस, म्हणजेच गोचीड ताप. त्याचा सूक्ष्म परोपजीवी गोचिडीच्या लाळेतून शरीरात शिरतो. आधी पांढऱ्या व नंतर तांबड्या रक्तपेशींत वाढतो. साहिवाल आणि होल्स्टीन वासरांना मुद्दाम सारखीच लागण करून शास्त्रज्ञांनी पाहिले, तेव्हा परोपजीवी दोहोंच्या शरीरात आढळले. परंतु साहिवाल वासरांचा आजार सौम्य राहिला आणि ती औषधावाचून वाचली. ही रोगापासून मुक्तता नव्हे, रोग सोसण्याची शक्ती होय. शिवाय वशिंडाच्या गुरांच्या अंगावर गोचिडी कमी टिकतात. पश्चिम आफ्रिकेतील एन्डामा गुरेही त्से-त्से माशीच्या रोगाला अशीच तोंड देतात.

मात्र सारे श्रेय रक्ताला देणे बरोबर नाही. गावच्या वासराला कोवळ्या वयात लागण होऊन गेलेली असते व तिची प्रतिकारशक्ती पुढे कामी येते. गोचीड नसलेल्या गोठ्यात वाढलेली गाय बाजारातून थेट अशा गावी आली, तर तिला ही संधी मिळालेलीच नसते. आणि घटसर्प वा फऱ्या देशी जनावरालाही सोडत नाहीत. गावठी आहे म्हणून लस टाळणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

संकरित गाय नको, असा याचा अर्थ नाही. खिल्लारीच्या दुधावर डेअरीचा हिशेब जुळत नाही, हे पशुपालकाला कोणी सांगावयास नको. परंतु गाय देणाऱ्या योजनेत गोचीड निर्मूलनाचा खर्चही धरला पाहिजे. या गोचिडी भिंतींच्या भेगांत दडतात. भेगा बुजवून चुना द्यावा, केवळ गाईच्या अंगावर औषध मारून भागत नाही. गोचीड तापाची लस भारतात तयार झालेली आहे. ती वासरांना केव्हा टोचावी, हे पशुवैद्यकास विचारावे. ताप दिसताच त्याच दिवशी दवाखाना गाठावा; बुपार्व्हाक्वोनचे इंजेक्शन आरंभीच गुणकारी ठरते, रक्त आटल्यावर फारसे नाही.